हूल आणि आग : टेबलावरच्या भूमिका-खेळातील एका नियमाची समीक्षा

१. या टिपणाचा हेतू

संभाव्यतेच्या घटकाला पूरक वाचन म्हणून हे टिपण लिहिले आहे. पण ते केवळ गणिताचे टिपण नाही. एखादा नियमग्रंथ वाचून त्याची समीक्षा कशी करावी, म्हणजे नियम काय सांगतो, काय गृहीत धरतो आणि काय वगळतो हे कसे तपासावे, याचा हा एक नमुना आहे. उदाहरण घेतले आहे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातले. प्रश्न साधा आहे : योद्ध्याचे हूल देण्याचे कौशल्य आणि आगीचे शस्त्र यांची जोड लावली तर नेमके काय मिळते?

हा प्रश्न मला एका विद्यार्थिनीने विचारला होता आणि मी तिला चुकीचे उत्तर दिले होते. आमच्या म्हैसूरच्या महाविद्यालयात काही मुले शुक्रवारी संध्याकाळी हा खेळ खेळतात आणि खेळप्रमुखाचे, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या पंचाचे, काम बहुतेक वेळा माझ्याकडे असते. चुकीचे उत्तर नेमके कोणते, ते पुढे सांगतो. आधी नियम समजून घेऊ.

२. थोडी पार्श्वभूमी

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ प्रसिद्ध केला. त्याची मुळे युद्धखेळांत आहेत. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यात ‘क्रीगस्पील’ नावाचा सराव-खेळ चाले. दोन्ही बाजू आपापले हुकूम पंचाला देत आणि समोरच्याचे सैन्य कुठे आहे ते पंच जेवढे सांगेल तेवढेच कळे. तिथे हूल देण्यासाठी वेगळा नियम लागत नसे. समोरच्याला खोटे दृश्य दिसले की तो खरोखरच फसे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

म्हैसूरला खेळांची परंपरा नवी नाही. मुम्मडी कृष्णराज वडेयर यांनी एकोणिसाव्या शतकात पट-खेळांचा आणि गंजिफाचा मोठा व्यासंग केला. त्यांच्या एका गंजिफा संचात १८ रंगांची प्रत्येकी २० अशी ३६० पाने होती. नियम रचणे हे राजालाही गंभीर काम वाटत होते, एवढेच यातून घ्यायचे.

आता शब्द. इंग्रजीत ज्याला ‘फेंट’ म्हणतात त्याला मराठीत ‘हूल’ हा नेमका शब्द आहे. कबड्डीत चढाई करणारा डावीकडे झेपावल्याचे दाखवून उजवीकडच्याला शिवतो, ती हूल. आपण ‘हूल दिली’ म्हणतो, ‘हूल मारली’ म्हणत नाही. हूल ही समोरच्याला द्यायची गोष्ट आहे आणि ती त्याने घेतली तरच तिचा उपयोग.

३. नियम काय सांगतो

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ‘बॅटल मास्टर’ नावाच्या योद्ध्याला तिसऱ्या पातळीवर काही डावपेच शिकता येतात. त्यासाठी त्याला आठ बाजूंचे चार जादा फासे मिळतात. वापरलेले फासे थोड्या विश्रांतीनंतर परत मिळतात. ‘फेंटिंग अटॅक’ हा त्यांपैकी एक डाव. त्याचे मर्म असे :

(अ) एक जादा फासा खर्च करायचा आणि आपल्या पाळीतली ‘बोनस ॲक्शन’ वापरायची.
(आ) पाच फुटांच्या आतला एकच शत्रू निवडायचा.
(इ) त्याच पाळीत त्या शत्रूवरच्या पुढच्या हल्ल्याला ‘ॲडव्हान्टेज’ मिळते, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा.
(ई) वार लागला तर जादा फाशाचा आकडा नुकसानीत मिळवायचा.

२०२४ च्या सुधारित पुस्तकातही हा डाव जवळजवळ तसाच आहे.

‘आगीचे शस्त्र’ म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली ‘फ्लेम टंग’, म्हणजे आज्ञा दिल्यावर पेट घेणारी जादूची तलवार. दुसरी ‘अल्केमिस्ट्स फायर’, म्हणजे फेकून फोडायची ज्वालाग्राही द्रवाची बाटली. तिसरी बंदूक, जी २०१४ मध्ये खेळप्रमुखाच्या पुस्तकात ऐच्छिक होती आणि २०२४ मध्ये खेळाडूंच्या मुख्य शस्त्रयादीत आली. एकेक जोड तपासू.

४. पहिली जोड : जळती तलवार

समजा, योद्धा तिसऱ्या पातळीचा आहे आणि त्याच्या हल्ल्याच्या फाशात ५ मिळवायचे आहेत. शत्रूचा ‘आर्मर क्लास’ १५. म्हणजे फाशावर १० किंवा जास्त पडले पाहिजे. वीसपैकी ११ आकडे अनुकूल, म्हणून वार लागण्याची संभाव्यता ०.५५. ॲडव्हान्टेज असेल तर दोन्ही फासे चुकले तरच वार चुकेल :

१ − (०.४५ × ०.४५) = ०.७९७५

साध्या लांब तलवारीचे सरासरी नुकसान ४.५ + ३ = ७.५. जादा फाशाचे सरासरी ४.५. तलवार पेटलेली असेल तर सहा बाजूंचे दोन फासे आणखी, म्हणजे सरासरी ७. फाशावर वीस पडल्यास होणारे दुप्पट नुकसान सोपेपणासाठी बाजूला ठेवू. एका पाळीचे अपेक्षित नुकसान असे येते :

साधा वार : ०.५५ × ७.५ = ४.१२५
फक्त हूल : ०.७९७५ × १२ = ९.५७
फक्त आग : ०.५५ × १४.५ = ७.९७५
हूल आणि आग : ०.७९७५ × १९ = १५.१५२५

हूल एकटी ५.४४५ ची भर घालते, आग एकटी ३.८५ ची. दोन्ही मिळून भर ११.०२७५ ची. ५.४४५ आणि ३.८५ यांची बेरीज ९.२९५ होते, म्हणजे १.७३२५ वर उरतात. ते कुठून आले? ०.७९७५ आणि ०.५५ यांतला फरक ०.२४७५, त्याला आगीच्या ७ ने गुणा : १.७३२५. यालाच आपण प्रयोगांच्या आखणीत ‘परस्परक्रिया’ म्हणतो. हूल जितकी अचूकता वाढवते तितक्या प्रमाणात आगीला जादा वाव मिळतो. जोड खरी आहे, पण तिचा गाभा एवढाच आहे.

आता एक अडचण. तलवार पेटवायलाही बोनस ॲक्शन लागते आणि एका पाळीत बोनस ॲक्शन एकच. म्हणून पहिल्या पाळीत एकतर पेटवा, नाहीतर हूल द्या. लढाई एकाच पाळीत संपणार असेल तर हूल बरी (९.५७ विरुद्ध ७.९७५). ती दोन पाळ्या चालणार असेल तर आधी पेटवणे बरे : ७.९७५ + १५.१५२५ = २३.१२७५. दोन्ही पाळ्यांत नुसती हूल दिली तर १९.१४, आणि आधी हूल देऊन मग पेटवले तर १७.५४५. तलवार एकदा पेटली की म्यान करेपर्यंत, हातातून टाकेपर्यंत किंवा पुन्हा बोनस ॲक्शन देऊन विझवेपर्यंत पेटलेलीच राहते, म्हणून क्रमाला एवढे महत्त्व आहे.

गणित इथे संपते आणि समीक्षेचा पहिला प्रश्न सुरू होतो. पेटलेली तलवार चाळीस फुटांपर्यंत लख्ख उजेड पाडते, त्यापुढे चाळीस फूट अंधुक. असे शस्त्र हातात असताना हूल देणे सोपे होईल की अवघड? शत्रूचे डोळे ज्वाळेवर खिळतील म्हणून सोपे, की ज्वाळेची प्रत्येक हालचाल दिसेल म्हणून अवघड? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. नियम मात्र काहीच बोलत नाही. त्याच्या दृष्टीने हूल हा एक आकडा, आग हा दुसरा आकडा. गुणाकार होतो, पण दोघांची भेट होत नाही.

५. दुसरी आणि तिसरी जोड : बंदूक आणि बाटली

या खेळात शत्रू पाच फुटांच्या आत असताना दुरून मारायचे शस्त्र वापरले तर ‘डिसॲडव्हान्टेज’ येते, म्हणजे दोन फाशांतला लहान आकडा घ्यायचा. हुलीला तर शत्रू पाच फुटांच्या आतच हवा. ॲडव्हान्टेज आणि डिसॲडव्हान्टेज एकत्र आले की दोन्ही रद्द होतात.

बंदुकीचे सरासरी नुकसान ६.५ + ३ = ९.५ धरा आणि वार लागण्याची संभाव्यता पुन्हा ०.५५.

दूर उभे राहून गोळी : ०.५५ × ९.५ = ५.२२५
जवळून, हुलीशिवाय : ०.३०२५ × ९.५ = २.८७ (सुमारे)
जवळून, हूल देऊन : ०.५५ × १४ = ७.७

शेवटच्या आणि पहिल्या आकड्यांतला फरक २.४७५. तो बरोबर ०.५५ × ४.५ आहे, म्हणजे सगळा फायदा जादा फाशाच्या नुकसानीचा आहे. शत्रूला फसवण्याचा वाटा शून्य, तो सगळा जवळ जाण्याच्या तोट्याची भरपाई करण्यात गेला. शिवाय बंदूकधारी शत्रूच्या तलवारीच्या टप्प्यात येऊन उभा राहिला तो वेगळाच.

बाटलीची गत आणखी वाईट. २०१४ च्या नियमात बाटली हे तात्पुरते शस्त्र धरतात, त्यामुळे सरावाचा लाभ सहसा मिळत नाही. बाटली लागली तरी त्या क्षणी नुकसान होत नाही. शत्रूच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला चार बाजूंच्या फाशाइतके भाजते आणि शत्रूला आपली एक कृती खर्च करून ते विझवण्याचा प्रयत्न करता येतो. मग हुलीचा जादा फासा कोणत्या नुकसानीत मिळवायचा? नियम वाचून एक ठाम उत्तर निघत नाही. २०२४ मध्ये बाटलीला हल्ल्याचा फासाच उरला नाही. आता शत्रू बचावाचा फासा टाकतो, त्यामुळे हुलीने मिळणारे ॲडव्हान्टेज तिला लागूच होत नाही.

दुसरा नियमग्रंथ पाहू. ‘पाथफाइंडर’च्या २००९ च्या पहिल्या आवृत्तीत हुलीसाठी थापेच्या कौशल्याचा फासा टाकतात आणि ती साधली तर शत्रूला चपळाईचा बचाव मिळत नाही, पण फक्त पुढच्या हातघाईच्या वारासाठी. २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही हूल हातघाईच्या वारापुरतीच आहे. २०११ मध्ये पहिल्या आवृत्तीत बंदुका सविस्तर आल्या. जवळच्या टप्प्यात त्या चिलखताला जुमानत नाहीत, बचाव उरतो तो मुख्यतः चपळाईचा. म्हणजे जिथे हूल सर्वांत उपयोगी पडली असती तिथेच ती बंद आहे.

दोन वेगळे ग्रंथ एकाच ठिकाणी अडतात, याचा अर्थ हा योगायोग नाही. दोघांच्याही मनात हुलीचे एकच चित्र आहे : दोन माणसे समोरासमोर, हातात तलवारी, मनगटाची फसवी हालचाल. हे तलवारबाजीच्या आखाड्यातले चित्र आहे. रणांगणातली हूल त्यात बसत नाही.

६. कात्रजचे पलिते

आता त्या शुक्रवारची गोष्ट. आमच्या खेळात सतराव्या शतकातल्या दख्खनसारखा एक काल्पनिक मुलूख होता. घाटातल्या चौकीवर शत्रूचा पहारा आणि खेळाडूंना पलीकडे जायचे होते. बेळगावकडची एक विद्यार्थिनी बॅटल मास्टर खेळत होती. ती म्हणाली, ‘‘सर, समोरच्या उतारावर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून सोडते. पहारेकरी तिकडे वळले की आम्ही इकडून बंदुका झाडत घाट चढतो. माझ्याकडे फेंटिंग अटॅक आहे, त्याचा फायदा द्या.’’

मी पुस्तक उघडले आणि म्हणालो, ‘‘पाच फुटांच्या आतच चालते. इथे नाही मिळणार.’’

‘‘मग कात्रजला काय झालं होतं, सर?’’

‘‘तो इतिहास आहे. हा खेळ आहे.’’

टेबलाभोवती हशा झाला. ती पुढे काही बोलली नाही. त्यानंतरच्या तीन शुक्रवारी तिची पाळी आली की ती एकच शब्द म्हणत असे : ‘‘मारते.’’ आणि फासा टाकत असे.

तिचा संदर्भ महाराष्ट्रात आणि सीमाभागात लहानपणापासून कानावर पडणारा आहे. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी पुण्यात लाल महालात शिरून शाएस्तेखानावर छापा घातला. परतताना पाठलाग चुकवण्यासाठी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पेटवले आणि मोगल फौज त्या उजेडामागे गेली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. छाप्याचा इतिहास पक्का आहे. पलित्यांची गोष्ट मी परंपरा म्हणूनच सांगतो, कारण समीक्षेत कथा आणि पुरावा यांची गल्लत करू नये.

पण ही युक्ती प्रत्यक्षात अशक्य नव्हती, याला दूरचा आधार आहे. इ.स.पूर्व २१७ मध्ये इटलीत हॅनिबल एका खोऱ्यात अडकला आणि बाहेर जाणारी खिंड रोमन सेनापती फेबियसच्या माणसांनी धरली होती. पॉलिबिअस आणि लिव्ही हे दोघे इतिहासकार लिहितात की हॅनिबलने सुमारे दोन हजार बैलांच्या शिंगांना जळाऊ काटक्या बांधून त्यांना रात्री डोंगराकडे हाकलले. खिंडीतला पहारा उजेडाकडे धावला आणि सैन्य खिंडीतून निघून गेले.

या हुलीची रचना नीट पाहा. इथे आग कोणाला जाळण्यासाठी नाही. तिचे नुकसान शून्य आहे. शत्रू पाच फुटांवर नाही, मैलभर दूर आहे आणि दूर असल्यामुळेच त्याला बैल आणि माणूस यांतला फरक कळत नाही. अंतर हे या हुलीचे साधन आहे, तर नियमाच्या दृष्टीने अंतर हा अडथळा. फायदा मिळतो तो वाराच्या अचूकतेत नव्हे, तर शत्रूने जागा सोडण्यात. म्हणजे आमच्या नियमाने मोजलेल्या तिन्ही गोष्टी, अंतर, अचूकता आणि नुकसान, या हुलीत एकतर उलट्या आहेत किंवा नाहीतच.

७. आग नेमके काय करते

दुसरा मुद्दा आगीचा. म्हैसूरहून श्रीरंगपट्टण अगदी जवळ आहे. तिथल्या दर्या दौलत बागेत भिंतीवर पोल्लिलूरच्या लढाईचे मोठे चित्र आहे. १० सप्टेंबर १७८० रोजी हैदर अली आणि टिपू यांच्या सैन्याने कर्नल बेलीच्या इंग्रज तुकडीचा तिथे पराभव केला. चित्रात इंग्रजांच्या चौकोनी रचनेच्या मध्यभागी दारूगोळ्याची गाडी उडताना दिसते. त्या स्फोटाशी म्हैसूरच्या अग्निबाणांचे नाव अनेकदा जोडले जाते.

हे अग्निबाण लोखंडी नळीचे होते. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘बाण’ हा शब्द याच अर्थानेही येतो. शिमोगा जिल्ह्यातल्या नगर इथे २०१८ मध्ये एका जुन्या विहिरीत असे हजाराहून अधिक बाण सापडले. इंग्रजांनी हे तंत्र उचलले आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम काँग्रीव्हने त्यावरून आपली रॉकेटे बनवली. नेम धरण्यात हे बाण कच्चे होते. त्यांचा जोर आवाज, धूर, वेडीवाकडी झेप आणि बिथरणारे घोडे यांत होता.

खेळाच्या मुख्य नियमात आग म्हणजे नुकसानीचा एक प्रकार. किती अंकांनी भाजले एवढाच प्रश्न. घोडा बिथरला का, रांग मोडली का, हे विचारायला मुख्य नियमात जागा नाही. पूर्वी तशी नव्हती असे नाही. याच खेळाच्या १९८१ च्या प्राथमिक संचात प्रत्येक शत्रूला २ ते १२ असा धीराचा आकडा होता आणि ठरावीक प्रसंगी दोन फासे टाकून तो टिकतो की पळतो ते ठरे. २०१४ च्या आवृत्तीत धीर हा खेळप्रमुखाच्या पुस्तकातला ऐच्छिक नियम होऊन बसला. धीर बाजूला गेला की आगीचे अर्धे काम बाजूला जाते, आणि हूलही फाशाच्या आकड्यापुरती उरते, कारण हूल आणि भीती दोन्ही शत्रूच्या मनात घडतात.

८. नियमकर्त्यांची बाजू

समीक्षेत दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हूल पाच फुटांपुरती ठेवण्यामागे कारणे आहेत. दुरून मारणाऱ्याला सुरक्षितता आधीच मिळालेली असते. त्याला हूलही दिली तर जवळ जाऊन लढायला कोणी तयार होणार नाही. शिवाय खेळ तीन तासांत पुढे सरकला पाहिजे. प्रत्येक हुलीला शत्रूच्या मनाचा ऊहापोह करत बसलो तर एक चकमक दोन शुक्रवार चालेल.

याहून महत्त्वाचे म्हणजे, पुस्तकात दोन वाटा मोकळ्या होत्या आणि मी त्या पाहिल्या नाहीत.

पहिली वाट ‘हेल्प’ या कृतीची. शत्रूजवळ उभा असलेला एक जण त्याचे लक्ष विचलित करतो आणि सोबत्याच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज मिळते. सोबती दूर उभा असला तरी चालते. म्हणजे हूल एकाची, गोळी दुसऱ्याची. हिशेब करू : गोळीला लाभ ०.२४७५ × ९.५ = २.३५ (सुमारे), आणि हूल देणाऱ्याने सोडलेला स्वतःचा वार ४.१२५. तोटा झाला. ही जोड फायद्याची ठरण्यासाठी सोबत्याच्या एका वाराचे सरासरी नुकसान ४.१२५ ÷ ०.२४७५, म्हणजे सुमारे १६.७ पेक्षा जास्त हवे. ज्याच्या हाती मोठी आग आहे त्याच्यासाठी दुबळ्याने हूल द्यावी, हा त्याचा अर्थ, आणि तो रणनीतीच्या दृष्टीने शहाणपणाचा आहे.

दुसरी वाट सर्वांत साधी. खेळाडू काही करू पाहतो आणि त्याचा निकाल स्पष्ट नसतो, तेव्हा खेळप्रमुखाने योग्य गुणाचा फासा मागावा, हा या खेळाचा पायाभूत नियम आहे. पलित्यांच्या हुलीसाठी फेंटिंग अटॅकची गरजच नव्हती. थापेचा फासा आणि पहारेकऱ्यांची पारख, एवढ्यावर काम झाले असते.

९. माझा निकाल कुठे चुकला

मुलीने नाव चुकीचे घेतले होते, कल्पना बरोबर मांडली होती. मी नावावर निकाल दिला आणि कल्पना फेटाळली.

यात पुस्तकाचाही दोष आहे आणि तोच या समीक्षेचा मुख्य निष्कर्ष. पुस्तकाने ‘हूल’ या व्यापक गोष्टीचे नाव एका अरुंद डावाला दिले आणि तो डाव विशिष्ट योद्ध्याच्या विशिष्ट पातळीच्या यादीत ठेवला. एकदा यादी झाली की वाचणाऱ्याला वाटते, यादीत आहे तेवढेच शक्य आहे आणि ज्याच्या यादीत नाही त्याला ते करताच येत नाही. पायाभूत नियम शंभर पाने मागे राहतो. ज्या खेळाडूकडे फेंटिंग अटॅक नाही तो हूल देण्याचा विचारही करत नाही. ज्याच्याकडे आहे तो पाच फुटांपलीकडे पाहत नाही.

अभियांत्रिकीत आपण हेच रोज करतो. तुळईचे सूत्र लहान वाकासाठी असते आणि आपण ते मोठ्या वाकाला लावतो, कारण सूत्राच्या मथळ्यावर ‘तुळई’ लिहिलेले असते. प्रतिमान चुकीचे नसते, त्याची हद्द विसरलेली असते. प्रात्यक्षिकाच्या वहीत एखाद्या विद्यार्थ्याने सूत्राशी न जुळणारे निरीक्षण लिहिले तर आपण त्याला ‘पुन्हा कर’ म्हणतो. ते कधी बरोबर असते. पण कधी त्याने जे पाहिले त्यासाठी आपल्याकडे रकानाच नसतो. अशा वेळी गमावतो ते निरीक्षणच नव्हे. पुढच्या वेळी तो विद्यार्थी वहीत अपेक्षित आकडा लिहून मोकळा होतो. ‘‘मारते’’ या एका शब्दात मला ते ऐकू यायला तीन आठवडे लागले.

चौथ्या शुक्रवारी खेळ सुरू करण्याआधी मी सर्वांसमोर सांगितले की तो निकाल चुकला होता, आणि का चुकला तेही सांगितले. ती म्हणाली, ‘‘सर, बैल तर गेले आता.’’ मी म्हणालो, घाट अजून तिथेच आहे.

१०. एक सुधारणा

त्यानंतर आम्ही टेबलासाठी एक छोटा नियम ठरवला. हूल कोणीही, कितीही अंतरावरून देऊ शकतो, पण आधी तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची :

(अ) शत्रूला नेमके काय दिसते किंवा ऐकू येते?
(आ) त्यावरून तो काय समजेल?
(इ) तसे समजल्यामुळे तो काय सोडून देईल : जागा, वेळ, की बचाव?

उत्तरे पटण्यासारखी असतील तर थापेचा एक फासा. समजा, हूल देणारीचा लाभ ३ आणि पहाऱ्याच्या पारखेची पातळी ११. फाशावर ८ किंवा जास्त हवे, म्हणजे ०.६५. यश आले तर तिसऱ्या उत्तरात सांगितलेली गोष्ट मिळते, केवळ ॲडव्हान्टेज नव्हे. अपयश आले तर शत्रू सावध होतो, आणि वापरलेले तेल, पलिते, जनावरे परत मिळत नाहीत. हुलीत आग असेल तर चौथा प्रश्न खेळप्रमुख विचारतो : ही आग नंतर कुठे जाईल? कारण पलिता बांधलेला बैल कोणाच्या शेतात शिरेल, हे बांधणाऱ्याच्या हाती नसते. आकडे हा प्रश्न विचारत नाहीत, माणसाने विचारायचा असतो.

बॅटल मास्टरचा डाव आहे तसाच ठेवला. हातघाईतली झटपट हूल ही त्याची खासियत आहे आणि ती बिनशर्त साधते, तिला थापेचा फासा लागत नाही. त्यामुळे त्याचे महत्त्व कमी झाले नाही.

११. सारांश

• हूल आणि जळती तलवार यांची जोड खरी फायद्याची आहे. परस्परक्रियेचा वाटा म्हणजे अचूकतेतील वाढ गुणिले आगीचे नुकसान.
• तलवार पेटवणे आणि हूल दोन्ही बोनस ॲक्शन मागतात, म्हणून क्रम लढाईच्या अपेक्षित लांबीवर ठरवावा.
• हूल आणि बंदूक यांत फसवणुकीचा वाटा शून्य होतो, जादा फाशाचा फायदा तेवढा उरतो.
• नियम हुलीला आखाड्यातली हालचाल मानतो. रणांगणातली हूल शत्रूच्या समजुतीवर चालते आणि तिला अंतर उपकारक असते.
• एखाद्या गोष्टीला यादीत नाव मिळाले की यादीबाहेरची तीच गोष्ट दिसेनाशी होते.

१२. स्वाध्याय

१. शत्रूचा आर्मर क्लास १५ ऐवजी २० धरून विभाग ४ मधील चारही आकडे पुन्हा काढा. परस्परक्रियेचा वाटा वाढतो की घटतो? कारण द्या.
२. मूळ संभाव्यता ‘प’ असेल तर ॲडव्हान्टेजमुळे होणारी वाढ प(१ − प) इतकी असते हे सिद्ध करा. ती कमाल केव्हा होते?
३. लढाई तीन पाळ्या चालणार आहे आणि जादा फासे दोनच उरले आहेत. तलवार केव्हा पेटवावी?
४. कबड्डी, खो-खो किंवा तुमच्या भागातल्या एखाद्या खेळातली हूल निवडा. विभाग १० मधील तीन प्रश्नांची उत्तरे तिला लावून पाहा.
५. तुमच्या अभ्यासक्रमातले असे एक सूत्र शोधा, ज्याचे नाव त्याच्या हद्दीपेक्षा मोठे आहे. ती हद्द एका वाक्यात लिहा.